मज्जासंस्था आणि प्रतिकारसंस्था: नव्याने वाचू लागलेल्यांस

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून बेळगावात जीवशास्त्र शिकण्यास आलेल्या तुम्हाला माझे सांगणे असे की, या दोन संस्थांचा संवाद अभ्यासताना रेणूंच्या यादीपासून नव्हे, तर पावसाळ्यात तापाने अंथरूण धरलेल्या माणसापासून आरंभ करावा. त्याची भूक मरते आणि पेजेवाचून काही नको वाटते, ते बहुतांशी प्रतिकारपेशींनी सोडलेल्या सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचा निरोप रक्तातून आणि मेंदूला आतड्यांसारख्या अवयवांशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेतून मेंदूपर्यंत पोहोचल्यामुळे. तापही हायपोथॅलॅमस या मेंदूतील तापमान-नियंत्रक भागात प्रोस्टाग्लँडिन हा संदेशवाहक रेणू वाढल्याने चढतो.

उलट दिशेचा, म्हणजे मेंदूकडून प्रतिकारपेशींकडे जाणारा, निरोप मला अधिक विलक्षण वाटतो. अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली प्रयोगशाळेतील उंदरांची व्हेगस चेता विजेने उद्दीपित करून टीएनएफ या दाहकारक सायटोकाइनाचे प्रमाण घटवून दाखवले, आणि पुढे या मार्गात प्लीहेतील टी-पेशी या प्रतिकारपेशीच ॲसिटिलकोलीन हा एरवी चेतापेशींचा मानला जाणारा संदेशवाहक रेणू सोडतात, असे आढळले. संधिवातावर चेता-उद्दीपनाचे उपचार तपासण्यामागे हेच संशोधन आहे.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामार्फत मेंदू प्रतिकारसंस्थेला आवर घालतो, तो मार्ग पाठ्यपुस्तकात सहज सापडेल. मात्र ‘मन प्रसन्न ठेवा, रोग पळेल’ असे कोणी यावरून सांगू लागल्यास, कोणत्या पेशीवर, कोणत्या ग्राहीमार्फत (पेशीवरील निरोप घेणाऱ्या रेणूमार्फत), असे निःसंकोच विचारावे.