नवरा कंडोम वापरत नाही, मग बायकांचा कंडोम वापरून बघू का? तो आत हरवतो का?

ताई, दोन मुलं झालीत, तिसरं नकोय, नवरा कंडोम म्हटलं की तोंड फिरवतो आणि मध्यंतरी त्याला लघवीला जळजळ होत होती म्हणून तुम्हाला इन्फेक्शनची पण धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मी दोनेक वर्षं वापरलाय म्हणून सांगते.

हरवत नाही. पुढे गर्भपिशवीचं तोंड असतं, त्याच्यापलीकडे जायला वाटच नाही. साधारण वीतभर लांबीची मऊ पिशवी असते, आत एक रिंग आणि बाहेर एक मोठी रिंग. आतली रिंग चिमटीत दाबून इंग्रजी आठसारखी करायची आणि टॅम्पॉन (पाळीत आत घालायची कापसाची कांडी) सरकवतात तशी आत ढकलायची. बाहेरची बाहेरच राहते. पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये स्टुलावर एक पाय ठेवून उभी, आणि त्याला आधीच इतकं वंगण लावलेलं असतं की ओल्या साबणासारखा दोनदा हातातून सटकला, हसूच आलं. म्हणून आधी एकटीनेच दोन-तीनदा सराव करा, पहिल्याच रात्री नवऱ्यासमोर नको.

खरी चूक होते ती पुढेच. लिंग पिशवीच्या आत न जाता बाजूने घुसतं, म्हणून सुरुवातीला हाताने वाट दाखवायची. बाहेरची रिंग आत ओढली गेली तर तिथेच थांबायचं आणि नवीन घ्यायचा. शिवाय नवऱ्याला न कळता वापरू म्हणाल तर ते होत नाही, रिंग दिसते, हाताला लागते. पण त्याला स्वतःला काही चढवायचं नसतं, आमच्याकडे भांडण तिथेच मिटलं.

आता आकडा. रोजच्या वापरात, चुका धरून, वर्षभरात १०० पैकी साधारण २१ बायकांना दिवस जातात, पुरुषांच्या कंडोमला १३. अगदी नीट वापरला तर ५ आणि २. म्हणजे मूल अजिबातच नको असेल तर सोबत कॉपर टी बसवा, नुसत्या कॉपर टीने इन्फेक्शन थांबत नाही म्हणून कंडोम चालूच ठेवा. दोघांनी एकदम दोन कंडोम मात्र नको, घासून फाटतात. फाटलाच तर ७२ तासांच्या आत इमर्जन्सी गोळी.

त्या जळजळीचं मात्र कंडोमवर सोडू नका हं, सरकारी दवाखान्यात अशा लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, दोघांनी जा, एकट्याने औषध घेतलं तर परत लागण होऊ शकते. विचारायला लाज वाटली तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

आमच्या केमिस्टने तर "असलं काही नसतं" म्हणून परत पाठवलं होतं, शेवटी ऑनलाइन मागवला. आपल्या नाशिकजवळ सिन्नरला पण बनतो, त्यात आतल्या रिंगऐवजी स्पंज असतो, पण तो लेटेक्सचा, म्हणजे रबराचा, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर नायट्राइलचा (त्यात लेटेक्स नसतं) बघून घ्या.