फेज अँटिबायोटिकची जागा घेतील का, आणि त्यात जीन रेग्युलेशनचा काय संबंध?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंवर फेज, म्हणजे बॅक्टेरियाला धरणारे व्हायरस, चालतील का, आणि फेजच्या जीन रेग्युलेशनवर, म्हणजे त्यांची जीन्स चालू-बंद कशी होतात यावर, लोक इतकी वर्षं का घालवतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे, आणि मला तो एमएस्सी मायक्रोच्या प्रॅक्टिकलला एका प्लेटवर कळला.

नाल्याचं पाणी आणलं, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं म्हणजे बॅक्टेरिया वर अडकतात आणि फेज खाली उतरतात, मग ते ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या कल्चरमध्ये (वाढवलेल्या जंतूंच्या पाण्यात) मिसळून मऊ अगारसोबत, म्हणजे जेलीसारख्या थरात, प्लेटवर ओतलं आणि रात्रभर 37 डिग्रीला ठेवलं. सकाळी प्लेटवर जंतूंची दुधट साय धरलेली आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, म्हणजे प्लाक, फेजने जंतू मारलेल्या जागा. काही अगदी स्वच्छ, आरपार दिसणारे, आणि काही गढूळ, मधोमध परत जंतू वाढलेले. मी स्वच्छ तेवढेच मोजत होते तर मॅडम म्हणाल्या, अगं गढूळ बघ आधी, त्यातले जगले ते का जगले?

तर ते जगले कारण फेज आत शिरला पण मारलं नाही, स्वतःचा डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएत घुसवून गप्प बसला. त्याला गप्प ठेवतं एक रिप्रेसर प्रोटीन. लॅम्डा फेजमध्ये त्याचं नाव सीआय, ते डीएनएवर ठरावीक जागी बसून मारण्याची जीन्स बंद ठेवतं, यूव्हीने (अतिनील किरणांनी) डीएनएला इजा झाली की ते तुटतं आणि फेज जागा होतो. जीन चालू-बंद कसं होतं हे आपल्याला कळलं त्यात या एका फेजचा वाटा फार मोठा आहे.

आता औषधाचं. गप्प बसणारा फेज पेशंटला द्यायचा नसतो, एक तर तो मारत नाही आणि वर नको ती जीन्स आणू शकतो, कॉलराच्या टॉक्सिनचं जीन बॅक्टेरियात फेजमधूनच आलंय. पण लंडनमध्ये 2018 साली एका 15 वर्षांच्या मुलीला, फुप्फुसं बदलल्यावर मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जंतूचं इन्फेक्शन पसरलेलं आणि अँटिबायोटिक हरलेली, तिला अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या लॅबचे तीन फेज दिले. एक 'मडी', दक्षिण आफ्रिकेतल्या सडक्या वांग्यावर सापडलेला, तो मुळातच मारणारा. बाकी दोन गप्प बसणाऱ्या जातीचे, त्यांचं रिप्रेसरचं जीनच काढून टाकलं आणि ते मारायला लागले! तिच्या जखमा भरत आल्या, ती घरी गेली. इन्फेक्शन समूळ गेलं नव्हतं हेही सांगायला हवं.

म्हणून जागा घेतील असं मी म्हणणार नाही. एक फेज ठरावीक जंतूलाच धरतो, कधी त्याच्या एखाद्या स्ट्रेनलाच (उपप्रकारालाच), त्यामुळे पेशंटचा जंतू वाढवून कोणता फेज लागतो ते आधी तपासावं लागतं, तापाला उचलून गोळी दिली तसं जमत नाही. जंतू फेजलाही रेझिस्टंट होतात, म्हणून दोन-तीन एकत्र आणि बहुतेक वेळा अँटिबायोटिकच्या जोडीने देतात. जॉर्जियात तिबिलिसीच्या एलियावा इन्स्टिट्यूटमध्ये 1923 पासून फेजचंच काम चाललंय, आणि गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मरतात हे हॅन्किन या ब्रिटिश बॅक्टेरिया-अभ्यासकाने 1896 मध्येच लिहिलं होतं, तेव्हा फेज हा शब्दही नव्हता.

तुम्ही मायक्रोलाच असाल तर गढूळ प्लाकच्या मधले जंतू टूथपिकने उचला, वाढवा आणि थोडा वेळ यूव्ही द्या. मी दिलं होतं, दुधट कल्चर काही तासांत पातळ होत गेलं, आणि ते गाळून नव्या प्लेटवर टाकलं तर दुसऱ्या दिवशी परत प्लाक.