शेवटच्या आजारात पेशंटचं तोंड सारखं कोरडं पडतं, मध-तुरटी असे घरगुती उपाय करावेत का?

मध बोटाच्या टोकाएवढा चालेल, तोही पेशंट नीट गिळत असेल तर. तुरटी अजिबात नको, ती तोंड आवळते, आणि इथे आधीच सगळं सुकलेलं असतं. लिंबू पण नको. चिरलेल्या जिभेवर लिंबू लागला की काय आग होते ते बोलता न येणाऱ्या माणसाच्या कपाळावर दिसतं, मी बघितलंय.

माझे सासरे, आबा, फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं म्हणून अमळनेरजवळ आमच्या गावी आणलं, ऐन मे महिना, कूलर रात्रंदिवस चालू, वरून दुखण्यावरचं मॉर्फिन, ऑक्सिजन आणि तोंडाने श्वास, ह्या तिन्हींनी तोंड सुकतं. सकाळी ओठ एकमेकांना चिकटलेले असायचे. घरी येणाऱ्या नर्सताईंनी मला शिकवलं. डोकं थोडं वर आणि एका कुशीवर, बोटाला गॉज (जखमेला बांधतात ते जाळीदार कापड) गुंडाळायचा, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून चांगला पिळायचा आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हाताने फिरवायचा. ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश. ओठांना साजूक तूप, पण ऑक्सिजन नसेल तेव्हाच. जागे असले की तासा-दोन तासांनी हेच. आबा चहाचे भारी शौकीन, म्हणून कधी गॉज कोमट चहात बुडवून द्यायचे, तर ते दोन्ही ओठांनी धरून चोखायचे आणि डोळे उघडून माझ्याकडे बघायचे.

पण ह्यांच्या आत्यांना हे पटेना. "पानी पाज वं माय त्यास्ले," दिवसभर तेच, आणि मी आत गेले की चमच्याने पाणी ओतायच्या. आबांना ठसका लागायचा, चेहरा काळानिळा व्हायचा. गिळता येत नाही त्याच्या घशात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं, म्हणून मी चमचा काढूनच ठेवला. चुलत दीर म्हणाले सलाईन लावा, तोंडाला ओल येईल. शेवटच्या दिवसांत सलाईनने तोंडाचा कोरडेपणा फारसा जात नाही, उलट अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते, ओल येते ती तोंड पुसत राहिल्याने. तरी दशक्रियेला चार बायकांत बोललं गेलंच, की सुनेने म्हाताऱ्याला पाण्याला तरसवलं. ज्यांनी एकदाही तो गॉज हातात धरला नाही त्यांनी हे बोलावं! त्या घरात आबांचं तोंड कोणी ओलं ठेवलं ते आबांना माहीत होतं आणि मला माहीत आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, नातेवाईक जमायच्या आधीच डॉक्टर किंवा नर्सकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या की तोंडात पाणी ओतायचं नाही. गंगाजल-तुळशीला माझा विरोध नाही, बोट ओलं करून ओठांना लावा, श्रद्धा तेवढ्यानेही पुरी होते. आणि जो नुसता सल्ला देईल त्याच्या हातात गॉज द्या.

राहिलेलं एक-दोन. जिभेवर, गालात दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले, पुसल्यावर खाली लाल निघालं, तर ती बहुतेक बुरशी असते, तिथे हळद-मध करत बसू नका, डॉक्टर औषध देतात आणि ते लागू पडतं. कवळी असेल तर रात्री काढून धुऊन ठेवा. लवंगतेल आणि बाजारातले झोंबणारे माउथवॉश लांब ठेवा. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलीन किंवा तूप-तेल काहीच लावू नका, आगीचा धोका असतो. आबांना मी तूप लावायचे ते ऑक्सिजन येण्याआधी, नंतर नर्सताईंनी पाण्यापासून बनवलेलं, बिनतेलाचं जेल आणून दिलं. शुगरचा पेशंट असेल तर मधाचं आधी विचारून घ्या.