हर्बल कॅप्सूल आणि इस्ट्रोजेन

प्रश्न: वय ५१, पाळी गेलीये, रात्री अंगातून नुसत्या वाफा निघतात, घामानं गाऊन भिजतो. जाऊबाईंनी सोया आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल दिल्यात, म्हणतात हर्बल आहे, बिनधास्त घे. माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, थायरॉईडची गोळीपण आहे. घेऊ का?

उत्तर: ताई, नका घेऊ. सोयातलं जेनिस्टीन आणि डेडझीन, म्हणजेच ही आयसोफ्लेवोन, यांची रचना आपल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी इतकी मिळतीजुळती आहे की ती पेशीतल्या त्याच रिसेप्टरला, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे बसून काम करतं त्या जागेला, जाऊन चिकटतात, जोर कमी असतो पण कधी इस्ट्रोजेनसारखं काम करतात तर कधी त्याची जागा अडवून बसतात, आणि टॅमॉक्सिफेनचं कामही त्याच रिसेप्टरवर चालतं, मग तिथे ढवळाढवळ कशाला? १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा खाऊन मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या होत्या त्या असल्याच द्रव्यांमुळे, त्यामुळे वनस्पतीचं म्हणजे सौम्यच असं धरून चालू नका.

जेवणातलं टोफू, सोया चंक्स बेतानं चालतात, काळजी आहे ती कॅप्सूलमधल्या एकवटलेल्या डोसची. एक मात्र लक्षात ठेवा, सोयामुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हीत ४ तासांचं अंतर ठेवा. ब्लॅक कोहॉश ही दुसरी वनस्पती कुणी सुचवली तर तेही नको, लिव्हर बिघडल्याच्या केसेस झाल्यात.

वाफा अंगावर काढू नका हं, कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, व्हेनलाफॅक्सिनसारखी हार्मोन नसलेली औषधं आहेत. पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध मात्र टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं, कुणी लिहून दिलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.