मे महिन्यात अल्गोंक्विनला कनूने मुक्कामाला जाताना अस्वलांची भीती कितपत बाळगावी?

तुम्ही चौघे मित्र मे महिन्यातील व्हिक्टोरिया डेच्या लांब सुट्टीत टोरांटोहून निघून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील अल्गोंक्विन उद्यानात, आतल्या तळ्यांवर कनूने (म्हणजे वल्ह्यांच्या हलक्या, अरुंद नावेने) जाऊन दोन रात्री राहणार आहात आणि अस्वलांचा धोका किती व सामान कोणते न्यावे, असे तुम्ही विचारले आहे. अस्वलांचे आधी सांगून टाकतो, म्हणजे खऱ्या धोक्याकडे वळता येईल.

तेथे काळी अस्वले आहेत आणि ती माणसाला कधीच काही करत नाहीत असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. मे १९७८ मध्ये याच उद्यानात मासेमारीला गेलेल्या तीन मुलांचा अस्वलाने बळी घेतला, तर ऑक्टोबर १९९१ मध्ये ओपिओंगो तळ्यातील बेट्स बेटावर मुक्कामाला असलेले दोघे जण मारले गेले. मात्र दरवर्षी हजारो माणसे तेथे तंबू ठोकतात आणि त्यांपैकी बहुतेकांना अस्वलाचे दर्शनही घडत नाही. सर्व खाद्यपदार्थ, टूथपेस्ट आणि साबण एका पिशवीत घालून ती तंबूपासून दूर, जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब राहील अशी दोरीने टांगावी. तंबूत बिस्किटाचा पुडादेखील ठेवू नये. अस्वल समोर आलेच तर पळू नये, मोठ्याने ओरडत मागे सरावे, आणि काळ्या अस्वलाने खरोखरच हल्ला केला तर मेल्याचे सोंग न घेता हाती येईल त्याने प्रतिकार करावा. सुके बोंबील आणि सोडे घरी ठेवावेत, हे मी वेगळे सांगायला नको. पण आमच्या साडूभाऊंना ते सांगावे लागले होते, म्हणून लिहिले.

तुमची भीती भलत्याच ठिकाणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच १९७८ सालच्या जून महिन्यात ऑन्टारिओ आणि क्यूबेक यांच्या सीमेवरील टिमिस्कॅमिंग तळ्यात एका शाळेच्या सहलीच्या कनू वाऱ्यात उलटल्या आणि बारा मुले व एक शिक्षक अशा तेरा जणांचा मृत्यू झाला. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेटे होती. त्यांना मारले ते पाण्याच्या गारठ्याने. अल्गोंक्विनच्या तळ्यांवरील बर्फ साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला वितळते. त्यामुळे तुम्ही पोहोचाल तेव्हा किनाऱ्यावर उन्हात शर्ट काढून बसावेसे वाटले, तरी दोन हात पलीकडचे पाणी हिवाळ्यातलेच असेल. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अशा पाण्याचा हिशेब सोपा करून ठेवला आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. तळ्याच्या मध्यावर कनू उलटली, तर त्या दहा मिनिटांत तुम्ही कोणता किनारा गाठणार आहात, याचा विचार अस्वलाच्या आधी करावा.

हे सर्व मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच विषयावरून आमच्या घरात काही वर्षांपासून वाद चालू आहे. अशाच एका मे महिन्यात मी, माझे साडू, आमचा भाचा आणि त्याचा एक मित्र असे चौघे ओपिओंगोच्या पूर्वेकडील फाट्यात मुक्कामाला होतो. ओपिओंगो हे उद्यानातील सर्वांत मोठे तळे असून त्याला तीन फाटे आहेत, आणि परत धक्क्यावर यायचे तर एका अरुंद भागातून दक्षिणेकडील मोकळ्या पाण्यात उतरून ते पार करावे लागते. निघण्याच्या सकाळी वारा वायव्येकडे फिरला. दहाच्या सुमारास लाटांचे माथे फुटून पांढरे होऊ लागले, तेव्हा मी गुंडाळून बांधलेला तंबू पुन्हा सोडला आणि आज निघायचे नाही, असे सांगितले.

साडूभाऊ वेंगुर्ल्याचे. खाडीत होडी वल्हवत वाढलेला माणूस, त्यामुळे पुण्याच्या माणसाने त्यांना पाण्यातले काही सांगावे, हे त्यांना मुळातच मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की परवान्यात कोणत्या रात्री कोणत्या तळ्यावर राहायचे ते लिहिलेले असते, आपली रात्र संपली आहे, उद्या दंड होईल. शिवाय सकाळी त्यांची कार्यालयात महत्त्वाची बैठक होती. मी म्हणालो, “साडूभाऊ, दंड झाला तर मी भरतो, पण मुलांना घेऊन मी या पाण्यात उतरणार नाही.” त्यावर ते म्हणाले, “अहो, याला वारा म्हणतात होय?” आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी दोन तरुणांची एक कनू आमच्यासमोरून गेली, लाटांवर वरखाली होत दिसेनाशी झाली आणि नंतर कळले की ते दोघे सुखरूप पोहोचले. हा साडूभाऊंचा सर्वांत मोठा पुरावा आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, पाणी काचेसारखे स्थिर असताना, एकही लाट न लागता धक्क्यावर आलो. दंड कोणी केला नाही. बैठक मात्र हुकली, आणि तेव्हापासून दिवाळीच्या फराळाला ‘वाऱ्याला भिऊन आम्हाला झाडाखाली बसवून ठेवले’ ही कथा नव्या पाहुण्यांना ऐकवली जाते.

माझे उत्तर एवढेच आहे, की ते दोघे पोहोचले यावरून फक्त त्या दिवशी त्यांची कनू उलटली नाही एवढे सिद्ध होते. खाडीतील होडी जड व रुंद असते, तेथील पाणी ऊबदार असते आणि हाक मारली तर ऐकणारा कोणी ना कोणी असतो. भाड्याने मिळणारी केवलारची (एका हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू जेमतेम वीस किलोची असते, कारण पोर्टेजच्या, म्हणजे दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर ती एकट्याने खांद्यावर न्यायची असते; तोच हलकेपणा वाऱ्यात अंगावर येतो. पोहता येणे हेही या पाण्यात फारसे कामाचे नाही. साडूभाऊ उत्तम पोहतात, याबद्दल वाद नाही. आणि लाइफ जॅकेट पाठीला उशी म्हणून ठेवणाऱ्या माणसाशी तर वाद घालण्यातही अर्थ नाही. कायद्याप्रमाणे ते नावेत असले की पुरते, पण पाण्यात पडल्यावर सुन्न बोटांनी ते कोणाला घालता येते?

सामानाबद्दल थोडक्यात. उद्यानाच्या आतल्या भागात डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे, म्हणून लोणचे प्लॅस्टिकच्या डबीत काढून घ्यावे. भाजणी, मेतकूट आणि तांदूळ यांवर दोन रात्री सहज निघतात, पण एका जास्तीच्या दिवसाचे जेवण अवश्य बरोबर असावे. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवावा. मेच्या मध्यापासून काळ्या माश्या चावू लागतात, तेव्हा डोक्यावर घालायची जाळी घ्यावी.

पहिल्या खेपेला ओपिओंगो नको. ‘कनू लेक’ या तळ्यावरून निघून सुमारे तीनशे मीटरच्या पोर्टेजने ‘जो लेक’ या तळ्यावर जावे. पाणी अरुंद आहे आणि किनारा सतत जवळ राहतो. तेथेही काठाकाठाने, सकाळी लवकर वल्हवावे. मी प्रशिक्षित मार्गदर्शक नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बरेच सुसह्य असते, त्यामुळे वर लिहिलेले सर्व त्या महिन्यांना तितक्याच कडकपणे लागू होत नाही, हेही मान्य करतो. आतल्या तळ्यांवर मोबाइल चालेल असे गृहीत धरू नये. आणि सोमवारी सुट्टी असली तरी मंगळवारची रजा आधीच टाकून ठेवावी, चौघांनीही. ज्याला ती मिळत नसेल त्याच्यासाठी साठ क्रमांकाच्या महामार्गालगत म्यू लेकचा तळ आहे. तेथे तंबूपर्यंत गाडी जाते आणि कितीही वारा सुटला तरी सकाळच्या बैठकीला पोहोचता येते.