स्कॅनरवर पी००१६ कोड येतोय, गॅरेजवाले कॅम सेन्सर बदला म्हणतात. बदलू का? खर्च किती येईल? आणि तोवर सोलापूर-पुणे जाऊन येऊ का?

नका बदलू. पुण्यालाही जाऊ नका.

खरं तर इथं मी फक्त वाचायला येतो, पण या सेन्सरपायी आमच्या घरात एक अख्खी दिवाळी अबोल्यात गेलीय, त्यामुळे राहवलं नाही.

२०१९ ची गोष्ट. माझी पेट्रोल गाडी, दोन कॅमची (कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा), चेनवाली (खालचा क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, चेननं कॅम फिरवतो), एक लाख बारा हजार किलोमीटर फिरलेली. सकाळी पहिला सेल मारला की तीन-चार सेकंद खडखड, मग गप्प. पिकअप हळूहळू पडत गेला, मायलेज उतरलं, शेवटी दिवा लागला. आमच्या दाजींचं गॅरेज आहे. त्यांनी स्कॅनर लावला, तुमचाच कोड निघाला. म्हणाले, कॅम सेन्सर, म्हणजे कॅम कुठं आहे ते सांगणारा, तो गेलाय. बदलला. चार दिवसांनी दिवा परत. मग म्हणाले, पहिला डुप्लिकेट लागला असणार, ओरिजिनल टाकू. टाकला. आठवड्यात दिवा परत.

त्याच रविवारी सगळे मिळून तुळजापूरला निघालो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरलाही ओढेना. मागच्या सीटवरून अप्पा म्हणाले, "ह्याचं टॅपेट उशिरा मारतंय." दाजी हसले. "अप्पा, हा माग नव्हं."

अप्पांनी उभा जन्म यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारा मिस्त्री, म्हणून काढला. मागाला वर क्रँक शाफ्ट असतो, खाली बॉटम शाफ्ट. वरचा दोन फेरे फिरतो तेव्हा खालचा एक, आणि साध्या विणीचे टॅपेट, म्हणजे मागाचे कॅमच, त्या खालच्यावर बसलेले. इंजिनात क्रँकचे दोन फेरे आणि कॅमचा एक. सांगा, फरक काय? आडवा धागा नेणारा धोटा पलीकडच्या पेटीत पोचायच्या आत तो धागा ठोकणारी फणी पुढे आली तर धोटा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो आणि धाग्यांचा फडशा पडतो. पिस्टन वर येताना व्हॉल्व उघडा राहिला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व वाकतात. पस्तीस वर्षं टायमिंग लावणाऱ्या माणसाला कान नसतील काय?

आता तुमच्या कोडचं. सेन्सर किंवा त्याची वायर मेली की बहुतेक पी०३४० येतो, म्हणजे सिग्नलच नाही किंवा तुटक आहे. पी००१६ म्हणजे क्रँकचा आणि कॅमचा, दोन्ही सिग्नल येताहेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत. सेन्सर बिचारा चुगली करतोय आणि तुम्ही त्यालाच घराबाहेर काढताय.

दाजींशी बोलणं बंद झाल्यावर मी एका जुन्या मिस्त्रींना घेऊन टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेनं, हातानं दोन पूर्ण फेरे दिले आणि पहिला पिस्टन वर आणून खुणा बघितल्या. इनटेक कॅमची खूण एक दात मागे. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा, जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला. एक दात म्हणजे किरकोळ वाटतं, पण कॅमच्या चक्राला ३६ दात धरले तर तो कॅमचे १० अंश, म्हणजे क्रँकचे २० अंश झाला. घाटात गाडी कशी ओढणार?

चेन 'लांबते' म्हणतात ती रबरासारखी ताणून नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि ती झीज साठत जाते. टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो. रात्रीत त्यातलं ऑईल उतरलं की सकाळी चेन सैल, तीच ती खडखड. तुमची गाडी सकाळी असा आवाज करते का, हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळ्यात आधी तेच बघायला हवं.

चेनवरच्या रंगीत कड्या खुणांसमोर नाहीत म्हणून घाबरू नका. त्या फक्त बसवतानाच्या. एकदा इंजिन फिरलं की त्या परत जुळायला कितीतरी फेरे लागतात. चक्रावरच्या खुणा मात्र दर दोन फेऱ्यांनी जुळल्याच पाहिजेत. आणि नुसती चेन टाकून मोकळं होऊ नका, टेन्शनर आणि चेन ज्यावर घसरते ते गाईडही सोबत बदला. क्रँकचा बोल्ट कंपनीनं दिलेल्या टॉर्कलाच आवळा. काही इंजिनांत खालचं चक्र चावीशिवाय (चावी म्हणजे खाचेत बसणारा, चक्र जागेवर धरणारा लोखंडी तुकडा), नुसत्या त्या बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. तिथं अंदाजपंचे चालत नाही.

हां, एवढं खोलायच्या आधी ऑईल तपासा. तुमच्या गाडीला व्हीव्हीटी, म्हणजे चालत्या इंजिनात ऑईलच्या दाबानं कॅमची वेळ पुढेमागे करणारी सोय, असेल तर ऑईल कमी असणं, घाण असणं, किंवा सोलापूरचा उन्हाळा म्हणून कोणीतरी पुस्तकात सांगितल्यापेक्षा जाड ऑईल ओतणं, यातूनही कॅम वेळेवर हलत नाही. कॅमकडचं ते ऑईल सोडणाऱ्या ऑईल कंट्रोल व्हॉल्वची जाळी कधी तुंबलेली असते, ती काढून साफ करता येते. हे स्वस्तातलं काम आधी करा. आणि माझ्या चेनचं म्हणाल तर, दहा हजारांवर बदलायचं ऑईल मी पंधरा-सोळा हजारांवर बदलत होतो. ते दाजींनी दहादा सांगितलं होतं, हे कबूल करतो.

खर्च गाडीगणिक बदलतो. चेन किटचा भाव पार्टच्या दुकानात विचारा आणि मजुरी आधी ठरवून घ्या, कारण पार्टपेक्षा खोलाखोलच जास्त असते.

दाजी अजून म्हणतात की सेन्सरही थोडा गेलेलाच होता. चेन बसवली त्याच दिवशी मी मूळचा, पहिला काढलेला सेन्सर परत लावला. गाडी आजही त्यावरच फिरतेय. दोन्ही नवे सेन्सर कपाटात डब्यासकट पडलेत. दाजींना सांगून ठेवलंय, न्यायचे तर घेऊन जा.