वाचक विचारतात : पहिल्या मंडळ्यांत स्त्रिया नेमकं काय करत होत्या?

प्रश्न : आमची मंडळी पंधरा-वीस घरांची. पाळकसाहेब महिन्यातून दोनच रविवार येतात. बाकीच्या रविवारी बायकांपैकी कुणी शास्त्रवाचन केलं की वडील मंडळी १ करिंथ १४:३४ (‘स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं’) काढून दाखवतात. पहिल्या मंडळ्यांत बायका खरंच गप्प बसत होत्या का?
– एक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही, ताई. त्याच पत्राचा अकरावा अध्याय उघडा. पाचव्या वचनात पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीबद्दल लिहितो आणि तिनं डोकं झाकावं एवढंच सांगतो. बोलूच नये असं त्याला म्हणायचं असतं, तर ही सूचना देण्याचं कारणच नव्हतं. चौदाव्या अध्यायातली ३४-३५ ही वचनं काही जुन्या हस्तलिखितांत चाळिसाव्या वचनानंतर येतात. त्यामुळे ती मुळात समासातली टीप असावी, असं काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते तिथला विषय सभेत मध्येच प्रश्न विचारण्याचा आहे, कारण पुढच्याच वचनात ‘घरी नवऱ्याला विचारा’ असं आलं आहे. कोणतंही मत धरलं तरी शास्त्रवाचनाला त्यानं बंदी होत नाही.

खरं अवघड वचन १ तीमथ्य २:१२ आहे. स्त्रीनं शिकवू नये आणि पुरुषावर अधिकार चालवू नये, असं ते सांगतं. ते झाकून ठेवू नका, चर्चेत कुणीतरी काढणारच. तीमथ्य तेव्हा इफिसात होता (१:३). त्याच इफिसात प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्यानं अपुल्लोला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईनं समजावून सांगितला (कृत्ये १८:२६), आणि अपुल्लो म्हणजे शास्त्रात पारंगत असलेला वक्ता. ही दोन्ही वचनं शेजारी ठेवल्याशिवाय इफिसातल्या स्त्रियांबद्दल काही ठरवू नये. वडिलांशी बोलताना आधी ११:५ वाचायला द्या, मग १४:३४ वर या. उलट क्रमानं गेलात की बोलणं तिथंच अडतं.

प्रश्न : ‘डीकनेस’ म्हणजे पाळकांची मदतनीस, की हात ठेवून नेमलेली सेविका? तिची कामं कोणती होती?
– महिला मंडळाची सदस्य, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : काळ आणि प्रदेश सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. बहुतेक वाद त्यामुळेच होतात. कुणी पौलाच्या काळातल्या फिबीवर सहाव्या शतकातले नियम लादतो, तर कुणी सिरियातली रीत रोमची म्हणून सांगतो.

फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती आणि पुष्कळांची, खुद्द पौलाचीही, आश्रयदाती होती (रोम १६:१-२). पौलानं स्वतःला आणि अपुल्लोला जो ‘सेवक’ (ग्रीकमध्ये दियाकोनोस) हा शब्द वापरला, तोच तिलाही वापरला. त्या काळी पदांची उतरंड पक्की झालेली नव्हती, म्हणून तिला आजच्या अर्थानं दीक्षित म्हणणं जसं घाईचं, तसं नुसती ‘मदतनीस’ म्हणणंही चुकीचं. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी यानं सम्राट त्रायानला कळवलं की, ख्रिस्ती लोक ज्यांना सेविका म्हणतात अशा दोन दासींचा छळ करून त्यानं माहिती काढली. म्हणजे मालकाच्या घरात गुलाम असलेली बाईसुद्धा मंडळीत पद सांभाळत होती. ही गोष्ट मंडळीपुढे मुद्दाम सांगावी अशी आहे.

सविस्तर कामं दिसतात ती तिसऱ्या शतकातल्या सिरियात, ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथात. तेव्हा बाप्तिस्मा बहुधा मोठ्या माणसांचा होई, कपडे उतरवून, आणि पाण्यात उतरण्याआधी अंगाला तेल लावून. बिशप हात ठेवून डोक्याला तेल लावी. स्त्रीच्या बाकीच्या अंगाला तेल लावण्याचं काम सेविकेचं. पाण्यावर देवाचं नाव पुरुषच उच्चारी. बाई पाण्याबाहेर आली की सेविका तिला हाताशी घेई आणि पुढं पवित्र आचरण कसं राखायचं ते शिकवी. याशिवाय अन्यधर्मी घरात ख्रिस्ती बाई आजारी असेल, तर पुरुष सेवकाला तिथं पाठवता येत नसे. तिथं सेविका जाई, सेवा करी, दुखण्यातून उठलेल्या बाईला अंघोळ घाली. आपल्याकडे मिशनच्या काळात बायबल वुमनला (घरोघरी जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या बाईला) जे घर उघडायचं ते पाळकाला उघडत नव्हतं, त्यातलाच हा प्रकार. मात्र हाच ग्रंथ स्त्रीनं बाप्तिस्मा देऊ नये असंही सांगतो. तेवढा भाग गाळून उरलेला सांगू नये.

हात ठेवण्याचं म्हणाल, तर सुमारे ३८० च्या ‘प्रेषितीय संविधाना’त बिशपानं सेविकेवर हात ठेवून करायची प्रार्थना दिलेली आहे. तिच्यात मिर्याम, दबोरा, हन्ना आणि हुल्दा यांचा उल्लेख येतो. ४५१ च्या खल्कदोन परिषदेनं तिचं वय किमान ४० ठरवलं. ५३५ मध्ये सम्राट जस्टिनियननं कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या चर्चसाठी ६० याजक, १०० डीकन आणि ४० सेविका अशी मर्यादा घालून दिली. पश्चिमेत मात्र ४४१ च्या ऑरेंज परिषदेनं नवी सेविका नेमायलाच मनाई केली. पूर्वेतही तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला, तशी तेल लावण्याची गरज सरली आणि तिचं मुख्य कामच गेलं.

विधवांची यादी ही वेगळी व्यवस्था होती. साठ वर्षं पूर्ण, एकाच नवऱ्याची, मुलं वाढवलेली, पाहुणचार केलेली, संतांचे पाय धुतलेली, अशा अटी १ तीमथ्य ५:९-१० मध्ये आहेत. यादीतल्या विधवेला मंडळी पोसायची आणि ती प्रार्थनेत राहायची. विधवा आणि सेविका यांची सरमिसळ करू नका.

प्रश्न : रोम १६:७ मधली युनिया बाई की पुरुष?
– एक तरुण वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : बाई. युनिया हे रोमी बायकांचं सर्रास आढळणारं नाव. ‘युनियास’ हे पुरुषी नाव प्राचीन शिलालेखांत सापडत नाही. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम ग्रीक भाषकच होता. त्यानं तिला स्त्री मानूनच तिची स्तुती केली. वाद शिल्लक आहे तो ती ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ की ‘प्रेषितांना ठाऊक असलेली’ एवढाच. क्रिसोस्तोमनं पहिला अर्थ घेतला. आम्हालाही तोच पटतो.

प्रश्न : हा विषय महिला संगतीत कसा घ्यावा? निम्म्या बायकांना वाचता येत नाही.
– संगतीची चिटणीस, उमरखेड तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : रोम १६:१-१६ पासून सुरुवात करा. फळ्यावर तीन रकाने आखा : नाव, काम, गाव. एकीनं एक वचन वाचायचं, सगळ्यांनी नाव आणि काम मोठ्यानं म्हणायचं. फिबी धरून दहा स्त्रिया निघतात. रूफाची आई आणि नीरियाची बहीण यांची नावं दिलेली नाहीत, म्हणून त्या हमखास सुटतात. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चौघींनी श्रम केले असं लिहिलं आहे. पौल स्वतःच्या सेवेसाठीही हाच शब्द वापरतो, हे तिथंच सांगा.

दुसऱ्या बैठकीला फिलिप्पै घ्या : लुदियाचं घर (कृत्ये १६:१४-१५, ४०) आणि युवदीया-सुंतुखे (फिलिप्पै ४:२-३). तिसरीला प्रिस्किल्ला. १ करिंथ १४ आणि १ तीमथ्य २ चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा. पहिल्याच दिवशी ती काढली, तर भांडण होतं आणि नावं राहून जातात. कापूसवेचणीच्या दिवसांत बायका दिवसभर शेतात असतात. तेव्हा संध्याकाळी सातनंतर बसा, पाऊण तासात आटोपा, आणि फळा पुसण्याआधी सगळी नावं वहीत उतरवून घ्या, कारण पुढच्या बैठकीला ती पुन्हा लागतील.